पोत्यातल्या चपला

काकूंनी खराट्याच्या टोकाने एक चप्पल उलटी केली. मग दुसरी.

"सिस्टर, कुणाच्या वं एवढ्या चपला?"

मी दारात उभी होते. पाठीमागे माझ्या खोलीत अकरा माणसं सतरंजीवर बसलेली आणि गाणं अर्ध्यावर तुटलेलं. शुक्रवारची दुपार होती, हॉस्पिटलातून माझ्या सुट्टीचा वार. दर शुक्रवारी आमची संगती माझ्याकडे भरायची. संगती म्हणजे काही मोठं चर्च नव्हे. दोन गाणी, शास्त्राचं थोडं वाचन, आजारी माणसांसाठी प्रार्थना आणि शेवटी कपभर चहा.

काकू माझ्या घरमालकीण. त्यांना एवढंच सांगायचं होतं: काकू, प्रार्थना आहे. तीन शब्द.

मी म्हणाले, "हॉस्पिटलच्या बाया हैत काकू. ट्रेनिंग हाय."

"ट्रेनिंगला गाणं म्हणतेत का?"

"आरोग्याची गाणी हैत."

हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. आरोग्याची गाणी! आत आमचे पाळक बसले होते, सत्तरीचा माणूस, उदगीरहून एसटीने उभ्याने आलेला. माझी आत्या बसली होती, गावाहून आलेली. दार उघडंच होतं. सगळ्यांनी ऐकलं.

पायरीवर एक जुना जोड होता, अंगठ्यापाशी काळ्या दोऱ्याने शिवलेला. काकूंनी तो खराट्याने ढकलत ढकलत नालीपर्यंत नेला.

"असल्या खेड्यातल्या चपला पायरीवर नका ठिवू. येणारे-जाणारे बघतेत. भलत्याच लोकांचं घर वाटतंय."

तो जोड आत्याचा होता. मी उचलला नाही. काकू समोर होत्या ना. उलट हसले. "बरं काकू," म्हणाले.

त्या गेल्यावर आत्याने स्वतः जाऊन चपला उचलल्या आणि नळाखाली धरल्या. मी चहाला आधण ठेवलं. मान वर केली नाही.

काकू काही राक्षस नव्हत्या. काकांचं भुसाराचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे ओढून ते सकाळी बाहेर पडायचे ते दुपारी जेवायलाच परतायचे. दर सोमवारी मी काकूंचं बीपी बघायची. दंड माझ्या हातात द्यायला त्यांना काही वाटायचं नाही. पण खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं होतं, "कोणचे तुम्ही?" मी म्हणाले, "जळकोटकडचे." त्यांनी जात विचारली होती, मी तालुका सांगितला. त्याआधी लातुरातल्या तीन घरांनी आडनाव ऐकल्यावर "खोली कालच गेली" म्हणून सांगितलेलं. इथं मुलीची शाळा दोन गल्ल्यांवर होती. बोअरला उन्हाळ्यातही पाणी होतं. लातुरात राहिलेल्या माणसाला त्याचं मोल सांगायला नको. मी क्रूस कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि भिंतीवर काकांच्या दुकानाचं देवाचं कॅलेंडर लावलं. तिथूनच मला लपवायची सवय लागली.

पुढच्या शुक्रवारी मी शहाणपणा केला. गव्हाचं रिकामं पोतं घेऊन दारात उभी राहिले. "चपला ह्याच्यात टाका. आत ठेवते."

कुणी "का" विचारलं नाही. पाळकांनीसुद्धा वाकून चपला पोत्यात सोडल्या. आमच्या माणसांना असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. माझी आठवीतली मुलगी शाळेतून आली. तिने पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि न सांगता आपले शाळेचे बूट काढून त्यात टाकले. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट वाटलं, पोर समजूतदार आहे.

आत्या शेवटी आली. तिने चपला काढल्या, पोत्यात टाकल्या नाहीत. पदरात गुंडाळल्या, मांडीवर घेतल्या आणि प्रार्थना संपेपर्यंत तशीच बसून राहिली.

डोळे मिटले तरी मला ती मांडीच दिसत होती. तो पदर माझ्या ओळखीचा होता.

मी सात वर्षांची असेन. आत्याने जळकोटच्या बाजारात मला लाल प्लास्टिकच्या चपला घेतल्या. माझ्या पहिल्या. गावात शिरताना एक मोठं घर लागायचं. त्या दारावरून आमच्या लोकांनी चपला घालून जायचं नाही. ओट्यावर एक माणूस दात कोरत बसला होता. बोलला काहीच नाही, नुसतं बघितलं. आत्याने आपल्या काढल्या, माझ्या पायातून ओढून काढल्या, सगळ्या पदरात गुंडाळल्या. फुफाटा तापलेला. मी "का" म्हणून विचारलं, तर तिने थोबाडीत दिली. वळण आल्यावर बघते तर तीच रडत होती.

चहा झाला, माणसं गेली. आत्या थांबली.

"पोरी, त्या टायमाला मला भ्या वाटलं म्हणून म्या काढल्या. समोर धनी बसला व्हता. हितं तर कुणीच नव्हतं. तूच उभी व्हतीस, पोतं घिऊन."

"खोली जाईल आत्या."

"जाईल न्हाईतर ऱ्हाईल. म्या न्हाई येत आता."

ती अनवाणी पायरी उतरली आणि भर रस्त्यात उभं राहून चपला पायात घातल्या. मी दारातून हाकसुद्धा मारली नाही. काकू ऐकतील म्हणून.

आठवडाभर मी वॉर्डात माणसांना सलाईन लावत होते, नाडी बघत होते आणि आतून जळत होते. मला काकूंचा राग येत नव्हता. मला माझी किळस येत होती. माझ्या बापाने ज्यापायी गाव सोडलं, तेच मी गव्हाच्या पोत्यात भरून लातुरात आणलं होतं. आणि माझी पोर ते न सांगता शिकली होती.

शुक्रवारी पोतं काढलं नाही. मुलगी त्या दिवशी शाळेतून लवकर आली; तिने आत नेलेले बूट मी स्वतः उचलले आणि पायरीवर सगळ्यांत पुढे ठेवले. तिने विचारलं, "काकू रागावतील ना?" मी म्हणाले, "हो." एक एक माणूस आला. पायरी भरली. आत्या आली नाही.

दुसऱ्या गाण्याला काकू आल्या. हातात खराटा होताच.

"परत ट्रेनिंग का सिस्टर?"

"न्हाई काकू. प्रार्थना हाय. आम्ही ख्रिस्ती हाव. गावात मांगवाड्यात ऱ्हायचो. त्या दिवशी म्या खोटं बोलले."

सिनेमात दाखवतात तसं काही झालं नाही. काकू आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या दंडाकडे. त्यांनी तो पदराने पुसला. सोमवारी मी जिथं पट्टा बांधला होता, बरोब्बर तिथं.

"बाटगी ती बाटगी, वर खोटारडी. म्हैना भरला की खोली खाली कर."

इतके दिवस "तुम्ही" होते, त्या दिवशी "तू" झाले. त्यांनी खराटा बुटांना लावायला पुढे केला. मी तो धरला. सोडला नाही. शेवटी त्याच सोडून गेल्या.

जे आत्याने ऐकायला हवं होतं, ते ऐकायला ती नव्हती. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बरं." एवढंच. त्यापेक्षा जास्तीवर माझा हक्कही नाही.

आता खोली शोधतेय. दार उघडलं की भाडं विचारायच्या आधी सांगते: आम्ही ख्रिस्ती, मांगवाड्यातले. शुक्रवारी माझ्याकडे माणसं येतील आणि त्यांच्या चपला तुमच्या पायरीवर असतील. आतापर्यंत चार दारं तोंडावर बंद झाली. मुलगी सोबत असते, ती ऐकते. मुद्दाम नेते तिला.

खोली मिळेल त्या दिवशी आत्याला आणायला मी स्वतः गावी जाणार. त्या मोठ्या घरावरूनच जाणार, चपला घालून.