प्लास्टिकमधला कागद

नारायण पेठेत मुनव्वरभाईंचे झेरॉक्सचे दुकान आहे. प्रवेशाच्या दिवसांत तिथली रांग रस्त्यावर येते. लॅमिनेशनच्या मशीनवर बसणारी प्रियदर्शनी आधारकार्डापासून हॉटेलच्या मेनूकार्डापर्यंत काहीही प्लास्टिकमध्ये घालून देते. फक्त कोणी विद्यापीठ बदलताना लागणारे मायग्रेशन सर्टिफिकेट पुढे केले की ती हात मागे घेते.

"हे नाही करणार. साध्या फोल्डरमध्ये ठेवा."

"अहो, फाटेल ना!"

"फाटू दे. फाटलेलं चालतं."

मग मुनव्वरभाई काउंटरवरून ओरडतात, "प्रियाताई, मशीन काय पापड भाजायला घेतलंय मी?" पण ते नुसते सवयीने ओरडतात. त्यांना कारण ठाऊक आहे.

प्रियदर्शनी वर्ध्याकडची. गेल्या वर्षी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि मे महिन्यात तिचे लग्न झाले. नवरा अभिनव हिंजवडीत नोकरीला, सासरे रंगराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. सगळे कुटुंब तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहते. लग्नाच्या बैठकीत तिच्या वडिलांनी, नागोरावांनी, एकच गोष्ट मागितली होती. मुलीचे शेवटचे वर्ष पुण्यात पूर्ण व्हावे.

"अहो, पुणं म्हणजे विद्येचं माहेरघर!" रंगराव चार माणसांसमोर म्हणाले. "ट्रान्स्फर करून घेऊ. ती आमची जबाबदारी."

नागोराव जिल्हा परिषदेत शिपाई होते. तरुणपणी त्यांचे मॅट्रिकचे सर्टिफिकेट वाळवीने खाल्ले होते. दुसरे मिळेपर्यंत कारकुनाची जागा भरली गेली आणि ते निवृत्त होईपर्यंत शिपाईच राहिले. म्हणून मुलीच्या कागदाची त्यांनी फार काळजी घेतली. निकालाची वाट न बघता, चार खेपा घालून तिकडच्या विद्यापीठातून मायग्रेशन सर्टिफिकेट काढले आणि दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करून आणले. पाठवणीच्या पेटीत साड्यांच्याही वर ते ठेवले.

जुलैत निकाल लागला. रसायनशास्त्राच्या एका पेपरात चार गुण कमी पडले होते.

पुण्यातल्या कॉलेजात पात्रतेच्या खिडकीवरच्या बाईंनी गुणपत्रक हातात न घेताच वाचले.

"एक पेपर राहिलाय. तिकडे सोडवा, मग इकडे या."

"तिकडून नाव कमी झालंय, मॅडम. मायग्रेशन काढलंय."

"पेपर राहिलेला असताना काढलंत कशाला?"

"तेव्हा निकाल लागला नव्हता."

"छान. आम्ही म्हणणार तुम्ही त्यांच्या, ते म्हणणार तुम्ही आमच्या. कुणाचाच त्रास नाही तुम्हाला. पुढचे कोण?"

वाट एकच होती. न वापरलेले सर्टिफिकेट जुन्या विद्यापीठात परत करायचे, त्यांनी त्यावर 'रद्द' असा शिक्का मारायचा, म्हणजे तिचे नाव पुन्हा लागणार होते आणि ऑक्टोबरमध्ये तो एक पेपर देता येणार होता. ऑगस्टच्या चार तारखेला प्रियदर्शनी तिथे जाऊन उभी राहिली. तिथल्या कारकुनाने प्लास्टिकवर नखाने टकटक केले.

"यावर शिक्का कुठे मारू? शाई बसते का प्लास्टिकवर?"

पण माणूस बरा होता. त्याने दुसऱ्या प्रतीचा अर्ज लिहून घेतला. "महिन्याभरात निघेल. पत्र येईल. स्वतः येऊन सही करायची, लगेच रद्द करून देतो. परीक्षेचा फॉर्म तेरा सप्टेंबरपर्यंत. चुकवू नका हं, जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा आहे."

पत्र पाच सप्टेंबरला खडकीत पोचले. प्रत तयार होती. गौरी दहा तारखेला यायच्या होत्या.

"मी आज रात्रीच निघते, सातला सकाळी परत येते," प्रियदर्शनी म्हणाली.

सासूबाई दुर्गाबाई गौरींचे मुखवटे चिंचेने घासत होत्या. "लग्नानंतरच्या पहिल्या गौरी, आणि सून गावाला? गाडी रखडली म्हणजे? बायका मला विचारतील."

"सणासुदीला तिकिटं मिळत नाहीत," रंगराव म्हणाले.

"मी बघितलंय, पप्पा. आरएसी मिळतंय."

"आरएसी! अर्ध्या बाकावर परक्या माणसाशेजारी बसून आमची सून जाणार? पुढच्या वेळी देशील पेपर."

"पुढची वेळ नाहीये. तो अभ्यासक्रमच बंद होतोय."

"असं सगळेच म्हणतात गं. होतं काहीतरी."

तिने अभिनवकडे बघितले. त्याने मोबाइलमधून डोके वर न काढता सांगितले, "पप्पा बघतील."

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी सुनेच्या पुरणपोळ्यांचे कौतुक केले. तेरा तारीख गेली. विद्यापीठाने नंतर कळवले, आता पुन्हा पहिल्या वर्षापासून.

नागोरावांचा फोन आला तेव्हा तो रंगरावांनी घेतला. "काय सांगू, व्याहीबुवा! आम्ही खूप धडपडलो. पण तुम्ही ते प्लास्टिक केलंत ना, तिथेच सगळं अडलं." हे ते इतक्या सहज बोलले की खोटे बोलतो आहोत असे त्यांना स्वतःलाही वाटले नसावे. प्रियदर्शनी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिने ऐकले आणि कणीक मळत राहिली. याची चीड तिला अजून येते, सासऱ्यांपेक्षा स्वतःची जास्त.

त्यानंतर नागोराव फोनवर तब्येत विचारत, पाऊसपाणी विचारत. अभ्यासाचा शब्द काढत नसत.

नोव्हेंबरात तिने दुकानात नोकरी धरली. फेब्रुवारीत नागोराव पुण्याला आले, ते स्टेशनवरून थेट दुकानात. हातात व्याह्यांसाठी संत्र्याच्या बर्फीची पिशवी. मुनव्वरभाईंनी त्यांना स्टूल दिले, चहा मागवला. तेवढ्यात एक मुलगी मायग्रेशन सर्टिफिकेट घेऊन आली. प्रियदर्शनीने नेहमीप्रमाणे नकार दिला. मुलगी गेल्यावर नागोराव मशीनकडे बघत म्हणाले,

"तिच्या बापानंच पाठवलं असंल. माह्यासारखा अडाणी असंल. माय, मीच तुझं वाटोळं केलं नं."

प्रियदर्शनीने पर्स उघडली. पाच सप्टेंबरचे पत्र तिने त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत दोनदा वाचले.

"म्हणजे दुसरं निघालं होतं?"

"निघालं होतं, बाबा. फक्त सही करायची होती."

"मंग?"

"मग गौरी होत्या."

इतके महिने जे ओझे त्यांनी स्वतःच्या डोक्यावर वाहिले ते उतरले होते. पण चेहरा हलका झाला नाही. मुलगी त्याच घरात राहणार होती, आणि व्याह्यांना एक शब्दही बोलायची सोय नव्हती. त्यांनी पत्राची होती तीच घडी घातली आणि परत दिले. बर्फीची पिशवी मुनव्वरभाईंच्या काउंटरवर ठेवली.

"लेकरांना द्या तुमच्या."

"अहो काका, ही तर तुमच्या व्याह्यांची ना?"

"तुम्ही चहा पाजला नं," नागोराव म्हणाले, आणि आल्या पावली स्टेशनकडे निघाले.

संध्याकाळी दुर्गाबाईंनी वरण जास्त लावले होते. ताट मांडताना त्यांनी विचारले, "अगं, वडील येणार होते ना तुझे? न जेवताच गेले?"

रंगरावही पेपर बाजूला करून बघू लागले.

"गेले," प्रियदर्शनी म्हणाली. "त्यांना आरएसी मिळालं."