माहेरच्या नावाची हाक

आमच्या श्रीवर्धनात लागलेले एकही लग्न माझ्या आत्याने कधी पुरतेपणी मान्य केले नाही. नवरामुलगा तिला चालत असे, सासर चालत असे, मानापानाच्या भानगडीत ती पडत नसे. पण अक्षता पडल्या, आणि नवऱ्याने ताटात पसरलेल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने बायकोचे नवे नाव लिहिले, की तेवढे एक नाव आत्या साफ नामंजूर करी. गावाने त्या मुलीला लक्ष्मी म्हणावे, अन्नपूर्णा म्हणावे. आत्या तिला तिच्या माहेरच्या नावानेच हाक मारणार. आणि तीही दबक्या आवाजात नव्हे. खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर सोडलेली तिची हाक सुपारीच्या तीन वाड्या ओलांडून चौथीतल्या माजघरात शिरे, आणि तिथली कुणीतरी मध्यमवयीन, नाकात नथ घातलेली गृहिणी हातातले काम टाकून उभी राही.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षे झाली, आणि माणूस गेले की त्याच्याविषयी बोलायला ज्यांना काही ठाऊक नाही तेच आधी पुढे येतात. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी शाळेच्या अंकात लिहिले आहे, की बालवैधव्यामुळे तिच्या डोक्यावर परिणाम झाला होता. मुंबईला असलेल्या माझ्या एका पुतण्याचे म्हणणे असे, की ती स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणारी होती आणि तिची तसबीर वाचनालयात लावली पाहिजे. मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. मी अलिबागच्या कचेरीत साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेण्यात आयुष्य घालवले आहे. ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यांतला फरक मला कुणी शिकवू नये. तिच्या डोक्यावर परिणाम झाला असता तर गावातल्या दोन पिढ्यांच्या सुनांची दोन-दोन नावे तिच्या ध्यानात राहिली नसती. आणि लढण्याचे म्हणाल, तर तिला ती लढाई वाटतच नव्हती. तिला तो सरळ हिशेब वाटे. आठव्या वर्षी तिचे लग्न झाले, नवव्या वर्षी नवरा गेला, आणि विधवेचे आलवण नेसून ती माहेरी परत आली. सासरचे नाव सासरीच राहिले. "मला माझं नाव परत मिळालं," ती एकदा माझ्या काकांना भर ओटीवर म्हणाली, "पण त्यासाठी नवरा जावा लागला. या पोरींना मी ते नवरा धडधाकट असताना देते. सांग, यात वाईट काय झालं?" काका पानाला चुना लावत बसले. 

विधवेला लग्नाच्या मांडवात स्थान नव्हते, हळदीकुंकवाला तर नव्हतेच. मग ही नावे तिला कळत कशी? त्यासाठी तिने विहीर धरून ठेवली होती. नवी सून पहिल्यांदा पाण्याला आली, की आत्या तिच्या रहाटाच्या दोरावर हात ठेवी आणि विचारी, "नाव काय ग तुझं?" मुलगी बिचारी खालमानेने नवे नाव सांगे. "हे नव्हे. ते. आई मारायची ते."  नाव आले की दोर सुटे. या झडतीतून कुणी सुटले नाही. कोळीवाड्यातली टोपलीवाली वाटेने जाताना दिसली तरी आत्या कुंपणावरून तिला तिच्या जुन्या नावाने थांबवी. "आत्ये, माजा दादला पन इसरला गो ता नाव," ती हसून ओरडे, "तूच येकली राखून हाय!"

आईवडील तेव्हा कुंपणापलीकडच्या वेगळ्या घरात राहत, त्यामुळे माझ्या आईलाही तिने असेच विहिरीवर अडवले होते. आणि या सगळ्या हकिकतीत माझा जो काही स्वार्थ आहे तो इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी उकरून काढायला नको. मी चार वर्षांचा असताना आई गेली. तिचे माहेर खाडीपलीकडे होते. प्लेगात तिथले दार कायमचे बंद झाले. वडिलांना भारदस्त नावांची हौस. त्यांनी तिचे नाव ठेवले होते सत्यभामा. वडीलही पुढे वारले, मी काका-आत्याच्या घरी वाढलो, आणि दरवर्षी आईच्या श्राद्धाला भटजी 'सत्यभामा' म्हणत आणि मी पाणी सोडी. मला सारखे वाटे, की जेमतेम सहा वर्षे अंगावर वागवलेल्या या नावाने आपण भलत्याच कुणा बाईला बोलावतो आहोत. आईचे खरे नाव काय होते, हे साऱ्या गावात एकट्या आत्याला ठाऊक होते. आईच्या वयाच्या इतर बायकांना मी विचारून पाहिले. त्या म्हणाल्या, "आत्या काहीतरी हाक मारायची खरी. पण अरे, ज्या त्या बाईचे कान स्वतःच्या नावाकडे." आणि आत्या मला सांगायला तयार नव्हती. "बाईचं नाव बाईपाशी सांगते मी. पुरुषाच्या हाती दिलं की तो आधी तांदूळ पसरतो. आणि गेलेल्या बाईला उगीच हाक मारून थांबवू नये." यावर मी पुष्कळ वाद घातला. वादात मी सहसा हरत नाही. तिच्यापुढे दरवेळी हरलो.

एका बड्या खोतांच्या पत्नीची गोष्ट गावात अजून सांगतात, आणि चुकीची सांगतात. या बाई म्हणजे तीन सुनांना एका नजरेत उभ्या ठेवणाऱ्या. धाकट्या सुनेला आत्याने कुंपणावरून हाक मारली म्हणून त्या तरातरा आमच्या अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरात आम्ही ठेवलेलं नाव चालतं. तुम्ही कोण बदलणाऱ्या?" आत्या सुपारी सोलत होती. तिने मान वरही केली नाही. "ये चिंगे. बैस. केवढी ग ओरडतेस." गावाची कथा अशी, की बाई ढसाढसा रडल्या. साफ खोटे. मी पडवीत बसलो होतो. बाई रडल्या नाहीत. त्या आधी इकडेतिकडे पाहू लागल्या, जणू चिंगी नावाची कुणी दुसरी पोर तिथे आली आहे, मग पायरीवर बसल्या, आणि जरा वेळाने म्हणाल्या, "खोबरं आहे का ग थोडं? गुळाशी?" ते खाऊन, हात झटकून, पुन्हा खोतीण होऊन त्या घरी गेल्या. त्यानंतर दर आठ-पंधरा दिवसांनी त्यांना आमच्याकडे काही ना काही काम निघू लागले.

पोस्टमनचा तर तिच्यावाचून खोळंबा होई. माहेरचे म्हातारे बाप सवयीने मुलीचे जुने नाव घालून कार्ड टाकीत; त्या नावाची बाई गावात कुठून सापडणार? "आत्याबाई, ही वेणू कोन? दोन दिस फिरतोय." "खालच्या पाखाडीची अन्नपूर्णा. आणि कार्ड सासूच्या हातात देऊ नकोस, मेल्या." परत जाणारी अशी किती पत्रे तिने योग्य दारी पोचवली, याची मोजदाद नाही.

दुपारी आमच्या पडवीत बायका सुपारी सोलायला जमत आणि मी अलिबागेहून आणलेली कादंबरी त्यांना वाचून दाखवी. नायिकेचे लग्न होईपर्यंत सारे सुरळीत चाले. लग्न होऊन लेखकाने तिला नव्या नावाने संबोधले, की आत्याचा अडकित्ता थांबे. "मघाची पोर कुठे गेली?" "हीच ती, आत्या. नाव बदललं." "आणि ती काहीच बोलली नाही? रात्रभर तरी तिला चुकल्यासारखं झालं असेल की नाही? ते नाही लिहिलं?" ते कधीच लिहिलेले नसे. तिच्या आग्रहावरून मी एका ग्रंथकारांना कार्ड पाठवून तशी विचारणाही केली. उत्तर आले नाही. "त्यांच्या बायकोला विचारायचं होतंत," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले, आणि सोललेल्या सुपाऱ्या हसण्याने पाटीतून सांडल्या.

पुढे गावात तंबूचा सिनेमा आला. चित्रे मुकी असत. पडद्याशेजारी उभा राहून एक गृहस्थ गोष्ट सांगे. सोवळ्या विधवेने तंबूत जाणे हा त्या काळी अनाचार होता. आत्या कनातीच्या फटीशी, बाहेर वाळूवर, कोळणींच्या शेजारी बसली. गुरुजींनी लिहिले आहे की तिने आरडाओरडा करून खेळ बंद पाडला. खेळ बंद पडला तो वाऱ्याने पडदा फाटल्यामुळे. आत्याने फक्त विचारले होते, "ही महाराणी झाली लग्नानंतर. आईनं काय नाव ठेवलं होतं?" "आजी, पोथीत दिलेलं नाही." "मग पोथी अर्धीच आहे. बरं, चालू दे पुढे." जरा वेळाने राणीची मनगटे नीट पाहून ती शेजारणीला म्हणाली, "हा तर बाप्या आहे ग! याला कसली काळजी. याचं लग्नाआधी जे नाव, तेच लग्नानंतर."

माझे लग्न ठरले तेव्हा मी अलिबागेस नोकरीला लागलो होतो. मी मनाशी ठरवले, की बायकोला आईचे माहेरचे नाव द्यायचे. निदान घरात ते नाव रोज उच्चारले जाईल. हा विचार मला फार उदात्त वाटला. तो घेऊन मी आत्याकडे गेलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मुलीचं नाव काय?"

मला ते ठाऊक नव्हते. घराणे ठाऊक होते, गोत्र ठाऊक होते, मुलगी गोरी आहे एवढेही कानावर आले होते.

"म्हणजे एका पोरीचं नाव पुसून तिथे दुसरीचं मांडणार तू. आणि आईवर उपकार केले म्हणणार." मग जरा सौम्य होऊन ती म्हणाली, "तांदळांवर मुलीचं स्वतःचं नाव लिही. मग ये. सांगेन."

मी ते नाव विचारून घेतले आणि लिहिले. याविषयी गावात ज्या कथा आहेत त्यांचा इथे एकदाच निकाल लावतो. नवरीचे रूप पाहून मी भांबावलो, असे म्हणतात. मी तिच्याकडे पाहिलेदेखील नव्हते. काकांनी ठरवलेले 'इंदिरा' हे नाव मी विसरलो, असेही म्हणतात. मी आजवर काहीही विसरलेलो नाही. मी अंगठी घेतली आणि स्वच्छ अक्षरांत 'द्वारका' लिहिले. भटजींना वाटले मुलगा घाबरला, त्यांनी लगबगीने तांदूळ सारखे केले आणि म्हणाले, "होतं असं. पुन्हा लिहा." मी पुन्हा तेच लिहिले. काका कानाशी येऊन म्हणाले, "गाढवा, हे तिचं जुनं आहे." मी म्हणालो, "जुनं नाही. तिचं आहे." शालूच्या आतून कुणीतरी हुंदका दिला की हसले, यावर द्वारका आणि मी पुढची सारी वर्षे भांडलो. ती म्हणे, हसले.

लग्नाचे चार दिवस आटोपल्यावर आम्ही दोघे आत्याच्या पाया पडायला गेलो. द्वारकेने सासरी येताच आत्याची कीर्ती ऐकली होती. ती उत्सुकतेने म्हणाली, "मला काय हाक माराल?" "द्वारकाच." "ते तर सगळेच मारतात," ती हिरमुसली. "बाकीच्यांना दोन-दोन, आणि मला एकच?" आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. आपल्या पद्धतीत ही एक खोट आहे, हे तिच्या तोवर ध्यानात आले नव्हते.

मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "ठकू."

मी वाट पाहत राहिलो. "एवढंच?"

"एवढंच. तुला काय वाटलं, तुझ्या बापानं सोनं पुरून ठेवलं होतं? ठकू. विहिरीवर पहिल्यांदा हाक मारली तर हातातला दोरच सुटला तिच्या. कळशी गेली तळाला. आणि ही हसतेय. मग रोज दुपारी यायची, भांडी झाली की. तू कडेवर. त्या कुंपणापाशी उभी राहायची आणि म्हणायची, 'वन्सं, मारा एकदा हाक.' मी मारायची. ती केवढ्यानं 'ओ' द्यायची, परकरी पोरीसारखी. की चालली आपली कामाला. बसायची नाही, बोलायची नाही. एक हाक, एक ओ."

त्या वर्षी श्राद्धाला मी भटजींशी भांडून आईच्या दोन्ही नावांनी पाणी सोडले. पुढे आत्या गेली, आणि वाड्यांतून ती हाक उमटेनाशी झाली. पत्रे नव्या नावांनी येऊ लागली, चिंगी नि वेणू एकामागून एक विझल्या. त्यांच्या नातवंडांना आजीचे दुसरे काही नाव होते हे सांगितले तर ती माझ्या तोंडाकडे पाहतात. मी ज्याच्या त्याच्याशी वाद घालतो, प्रत्येकाची हकिकत दुरुस्त करतो, कारण बहुतेक वेळी मी तिथे होतो आणि ते नव्हते. आत्याने सांगितलेल्या या एकाच गोष्टीला दुसरा पुरावा नाही, आणि मी तो कधी मागितला नाही. साक्षीदार एकच आहे. तो आईच्या कडेवर होता, ती 'ओ' त्याच्या कानाशी, वीतभर अंतरावर उमटत होती, रोज दुपारी. मी त्याला अजून दुपारचा बसून विचारतो. त्याला काही आठवत नाही.