किल्लीवाल्यांनी देऊ केलेलं प्यादं

किल्लीवाले आयुष्यभर बुद्धिबळ खेळले, पण एक खोड काही गेली नाही. समोरच्यानं प्यादं देऊ केलं की चारचौघं एकतर ते घेतात, नाहीतर मुकाट्यानं आपली बाजू सांभाळतात. किल्लीवाले मात्र आपलंच एक प्यादं पुढे ढकलायचे. "आधी हे घे!" याला काउंटर-गँबिट म्हणतात, असं सांगताना त्यांची छाती वीतभर फुगायची. समोरचा ते प्यादं गट्टम करायचा, तोवर यांचं दुसरं प्यादं त्याच्या हद्दीत घुसून ठाण मांडायचं. मग त्याच्या घोड्याला बाहेर पडायला धड जागा उरायची नाही.

मुलीला हे सगळं त्यांनी दुकानाच्या फळीवर, किल्ल्या घासता घासता शिकवलं. खरं तेही सांगितलं, "हे हावरटापुढेच चालतं. समोरच्यानं प्यादं घेऊन वेळेवर परत दिलं, तर आपण ठणठणगोपाळ."

बायको गेल्यापासून घरात एकटेच. यंदा हात थरथरायला लागला, कानस किल्लीवरून घसरायची. मागच्या महिन्यात न्हाणीघरात पडले, तेव्हा मुलगी दुसऱ्या शहरातून धावत आली. दहा वर्षं वाट पाहिलेली बढती तिला नुकतीच मिळाली होती. पंधराव्या दिवशी दुपारच्या चहाला ती म्हणाली, "बाबा, बढती नको म्हणून कळवते. इकडेच बदली मागते. तुमच्यापाशी राहीन."

त्यांना हेच तर हवं होतं! पडल्यापासून मनात दुसरं काही नव्हतं. नुसतं "राहा गं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सरळ घेतील तर ते किल्लीवाले कसले? पोरीनं रागवावं, "काहीतरीच काय बोलता" म्हणावं, आणखी एकदा आग्रह करावा, एवढीच इच्छा. पोटच्या मुलीशी बोलताना माणूस डाव कशाला मांडतो, देव जाणे.

"छे! तू कशाला सोडतेस? मीच जातो वृद्धाश्रमात. दुकानही बंद करून टाकतो."

आणि ते तिच्या रागवण्याची वाट बघत बसले.

मुलीनं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "खरंच चालेल तुम्हाला? मी एक जागा बघून ठेवलीय. चांगली आहे. विचारायचा धीरच होत नव्हता."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले. ते त्यांना दिसलं. "अगं, तसं नव्हतं म्हणायचं" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिनं डोळे पुसले, त्यांचा थरथरता हात दोन्ही हातांत घेतला.

"किती समजून घेता हो बाबा तुम्ही मला."

"मग काय," किल्लीवाले म्हणाले. "कधी निघायचं?"