उंदराच्या गोष्टीचा शेवट

गेल्या रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, सोलापुरातल्या माझ्या घरी, मी माझ्या सहा वर्षांच्या नातीशी दोनदा खोटं बोललो. त्यामागे चौथीतलं एक जुनं खोटं आहे. ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही – बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर वर्तमानपत्रात उभी हयात काढली त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

रेवा दर रविवारी येते. माझ्या लहानपणी मला जे जे आवडायचं ते तिला दाखवणं हा माझा निवृत्तीतला उद्योग. सागरगोटे झाले. भोवरा झाला. शेंगाचटणी भाकरीत कुस्करून दिली, तर म्हणाली, "आजोबा, नाकातून पाणी येतंय – अजून द्या." त्या रविवारी तिला कपाटातला स्टीलचा पेला सापडला. त्यावर माझं नाव कोरलेलं आहे.

"नाव का घातलंय? हरवला होता का?"

"बक्षीस मिळालेला. शाळेत गोष्ट सांगितली म्हणून."

"कुठली? सांगा की!"

सांगितली. एक लाकडी उंदीर असतो. दोन भिंतींच्या मध्ये धावत असतो – खटक्-खट्, खटक्-खट्. ही भिंत म्हणते, दाणे पलीकडे आहेत. पलीकडची म्हणते, अलीकडे. उंदराचं शेपूट दोऱ्याचं. धावेल तसं ते खाली विणलं जातं, आणि आखूड होत जातं.

"शेपूट संपल्यावर?"

उंदराला दाणे सापडले, असं मी म्हणालो. रेवानं नाक मुरडलं. "हे खरं नाही वाटत."

तिचं बरोबर आहे. तो शेवट मी रचलेला आहे. आणि गोष्ट – गोष्ट माझी नाहीच.

हातमाग पाहिलेल्या माणसाला तो उंदीर लगेच ओळखू येईल. तो मागावरचा धोटा, आडवा दोरा इकडून तिकडे नेणारा. आमच्या घरात माग नव्हता. वडील कचेरीत कारकून होते. माग होता मागच्या गल्लीत, राजमणीच्या घरी. राजमणी माझ्या वर्गात होती. घरी तेलुगू, शाळेत मराठी. तिचे वडील विणायचे, ती शेजारी बसून धोट्यात घालायच्या दोऱ्याच्या कांड्या भरायची, आणि मागाच्या ठेक्यावर ते तिला ही गोष्ट रोज थोडी थोडी सांगायचे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मला मराठीत सांगायची. शब्द अडला की हातानं दाखवायची. मला त्या काळात तिच्या गोष्टीइतकं दुसरं काहीही आवडत नव्हतं. हेही खरं आहे. त्यानं काय फरक पडतो?

चौथीत कथाकथनाची स्पर्धा लागली. राजमणीनं नाव दिलं नाही. पोरं तिच्या बोलण्याला हसत. मी दिलं. गोष्ट अजून पुरी ऐकलेली नव्हती, म्हणून दाणे घातले आणि संपवली. टाळ्या पडल्या. बाईंनी विचारलं, "कुणी सांगितली रे इतकी छान गोष्ट?"

मी म्हणालो, "माझ्या आजीनं."

राजमणी उठून उभी राहिली. "बाई, ते माझ्या नायनाचं गोष्ट आहे." नायना म्हणजे वडील. वर्ग हसला.

इथंही गप्प बसता आलं असतं. नुसता गप्प बसलो असतो तर भित्रा ठरलो असतो, एवढंच. मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, "बाई, त्यांच्या घरी मराठी बोलतच नाहीत. तिला कुठून येणार गोष्ट?"

वाक्य नेमकं होतं. पुढं आयुष्यभर मला नेमक्या वाक्यांचाच पगार मिळाला. बाईंनी तिला घंटा होईपर्यंत भिंतीशी उभं केलं – खोटं बोलल्याबद्दल. पोरांनी वर्षभर तिला 'गोष्टचोर' म्हटलं. मीही म्हटलं. हो, मीही. हे लिहिताना स्वतःची किळस येते. पाचवीला ती शाळेत नव्हती. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही, आणि गोष्टीचा शेवट मला कधीच कळला नाही.

पुढं मी वार्ताहरांना शिकवत आलो – ज्याची माहिती त्याचं नाव, दुजोऱ्याशिवाय ओळ नाही. एका मुलीला दुसऱ्याचा मजकूर उचलल्याबद्दल मी कामावरून काढलं. त्या दिवशी घरी येऊन याच पेल्यातून पाणी प्यायलो आणि जेवलो. किळस तेव्हा यायला हवी होती. नाही आली.

रविवारी रेवानं तेच विचारलं. "तुम्हाला कुणी सांगितली?"

"माझ्या आजीनं."

"मग तिला खरा शेवट विचारा ना."

"ती देवाघरी गेली."

"दुसऱ्या कुणालाच नाही माहीत?"

"कुणालाच नाही."

राजमणी सोलापूरजवळच्या कुंभारी गावात राहते. नोकरीत असताना एका बातमीसाठी तिथं गेलो होतो, तेव्हा तिचं घर दुरून पाहिलं. गाडी थांबवली नाही. इथून अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं.

मंगळवारी रेवानं ती गोष्ट वर्गात सांगितली. तिच्या आईनं फोनवर फोटो पाठवला. कागदावर उंदीर आहे. शेपूट कागदाच्या कडेपर्यंत गेलेलं आहे. खाली रेवाच्या अक्षरात लिहिलं आहे: 'माझ्या आजोबांच्या आजीची गोष्ट'. चित्र वर्गाच्या फळ्याशेजारी लावलेलं आहे.