शेंदराखालचा नंबर

मला जुन्या गाडीचं वेड लागलं तेव्हा सगळी दिल्ली नव्या गाड्यांच्या मागे धावत होती. बाजार नुकताच खुला झाला होता. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत दर महिन्याला एखादी नवीकोरी गाडी हार घालून यायची, पेढे वाटले जायचे, आणि मी मात्र दर रविवारी बायकोला स्कूटरवर बसवून कुणाच्या तरी गॅरेजातली धूळ खायला निघायचो. मला हवी होती दोन सीटची, उघड्या टपाची परदेशी स्पोर्ट्‌स कार, आणि तीही मूळ इंजिनासकट! या शेवटच्या अटीवर सगळं अडायचं. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर लोकांनी या गाड्यांत हाताला लागेल ते इंजिन बसवलं होतं. बाहेरून राजबिंडी गाडी, आणि बॉनेट उघडलं की आत टॅक्सीचं डिझेल इंजिन. अशा पाच गाड्या बघून झाल्या होत्या.

"सहावीही तसलीच निघाली ना, तर सरळ नवीन घ्यायची. एसीवाली," बायकोने बजावलं होतं.

सहावी नोएडातल्या एका कोठीच्या पोर्चमध्ये उभी होती. गर्द हिरवी, गोल डोळ्यांची. गाडीच्या मालकीणबाई सत्तरीच्या, पंजाबी. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि मुलाला त्याच्या नव्या गाडीसाठी पोर्च मोकळा हवा होता.

"इंजन ओरिजिनल है, आंटीजी?" मी घाईघाईने विचारलं.

"साहब तो यही कहते थे," बाई म्हणाल्या. "उनकी पोस्टिंग असम में थी, तब गाड़ी साल भर वर्कशॉप में पड़ी रही. मेरे देवर आज तक हँसते हैं कि मिस्त्री ने असली इंजन निकालकर दूसरा डाल दिया और भाईसाहब को पता भी नहीं चला. साहब कहते थे, मैं अपनी गाड़ी की आवाज़ पहचानता हूँ."

"नंबर नहीं मिलाया कभी?"

"कभी नहीं." मग म्हणाल्या, "शायद डरते थे."

मी बॉनेट उघडलं. इंजिन त्याच जातीचं होतं, पण त्याच जातीचं दुसऱ्या गाडीतलंही असू शकतं. खरं काय ते नंबर सांगणार. तो इंजिनाच्या ब्लॉकच्या कडेला, बोटभर रुंद सपाट पट्टीवर ठोकलेला असतो, हे मी वाचून वाचून पाठ केलं होतं. मी वाकून पाहिलं तर तिथे शेंदराचा जाड थर! बाईंनी सांगितलं, दर दसऱ्याला साहेब तेल-शेंदराचा टिळा लावायचे, आणि अख्ख्या इंजिनावर टिळ्याला सपाट जागा ती एवढीच. थरावर थर चढून नंबर पार गाडला गेला होता.

मी स्कूटरच्या डिकीतून रॉकेलची बाटली आणि फडकं काढलं. बायकोने माझा दंड धरला.

"तू नको हं," ती कुजबुजली. "त्यांच्या देखत, त्यांच्या नवऱ्याच्या हातचं कुंकू पुसायचं?"

झालं! माझा हात जो थांबला तो थांबलाच. आमच्या घरात 'पुसणे' हे क्रियापदसुद्धा कुंकवाच्या जवळपास कुणी वापरत नाही. पाच गाड्यांची बॉनेटं उचकटणारा मी, फडकं हातात घेऊन बावळटासारखा उभा राहिलो. न बघताच घेऊन टाकावी, असंही क्षणभर मनात आलं.

"क्या खुसर-फुसर चल रही है?" बाईंनी विचारलं. बायकोने चाचरत सांगितलं.

बाई खळखळून हसल्या. "अरे बेटी, ये इंजन का टीका है, मेरा थोड़े ही! लाओ इधर."

त्यांनी फडकं घेतलं, रॉकेलमध्ये बुडवलं, आणि इंजिनापाशी जाऊन थबकल्या. "दूसरा निकला तो?" त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी ओठ घट्ट मिटून घासायला सुरुवात केली.

आधी एक सात दिसला. बायको बाईंकडून गाडीचं आरसी बुक घेऊन, उघडून बसली होती. मी आकडा वाचायचा, तिने "बरोबर" म्हणायचं. शेवटच्या आकड्याला तर ती ओरडलीच. पण माझी खात्री अजून पटली नव्हती, कारण चोर लोक कानशीने जुना नंबर घासून त्यावर बुकातला नंबर ठोकतात. मी पातळ कागद पट्टीवर धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. कागदावर आकडे उमटले, आणि त्यांच्या अवतीभवती कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक रेघा, कुठेही न तुटलेल्या! कानस लागली असती तर त्या पुसल्या गेल्या असत्या. इतक्या वर्षांच्या तेला-शेंदराने तिथे गंजही धरू दिला नव्हता.

"असली है! आंटीजी, एकदम असली! साहब सही थे!" मी पोर्चमध्ये अक्षरशः उड्या मारत होतो. आयुष्यात इतका आनंद मला बढतीचासुद्धा झाला नव्हता.

बाई तो कागद घेऊन तरातरा आत गेल्या. आतून फोनवरचा त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. दिरांना त्या एकेक आकडा वाचून दाखवत होत्या, दोनदा.

बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते आणि हातात शेंदराची डबी होती.

"बेटा, माफ़ करना. अब ये नहीं बिकेगी."

"और आपके बेटे की गाड़ी?"

"गली में खड़ी करेगा."

माझा चेहरा पाहून बायकोला हसू आवरेना. मला रडू येत होतं आणि हसूही. स्वतःच्या हाताने, पुराव्यानिशी, मी माझी गाडी घालवली होती.

बाईंनी बोट तेल-शेंदरात बुडवलं. सवयीने ते त्या जुन्या जागेकडे गेलं, तिथे जरा थांबलं, आणि टिळा शेजारी लागला. नंबर उघडाच राहिला.