शेवटच्या ओळीतलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि माझ्या ढोलकीवाल्यालाही नाही. तो तर त्या दिवशी माझ्या शेजारीच उभा होता. तुम्हाला सांगतो. का सांगतो, ते विचारू नका.

ज्या गाण्यानं मला शाहीर केलं, ते दुधना नदीच्या पुराचं गाणं माझं नाही. ते येसूचं. येसू म्हणजे जिंतूरकडची धनगरीण. तिचा नवरा मेंढरं काढायला पुरात उतरला आणि मेंढरांसकट गेला. त्यावर तिनं ते रचलं. रचणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत गुंफायची आपल्याकडे रीत आहे. गाणं कुणाचं, ते त्यावरूनच ठरतं. तिची ओळ होती, 'येसू म्हणे, दुधने, माझा धनी दे.'

निजामी नुकतीच गेली होती, बाजार-जत्रा पुन्हा भरू लागल्या होत्या. मला नवं गाणं हवं होतं. बोली झाली—गाणं गाईन तोवर दर सुगीला तिला अर्धं पोतं ज्वारी आणि एक खण. पहिल्या सुगीला पोचतं केलं. मग गाणं मानवतपासून सेलूपर्यंत गाजलं, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. लोक म्हणायचे, वा, काय बाई आहे ही येसू! आणि मी? घसा फोडणारा मी कोण?

दुसऱ्या सुगीला ती आली, तेव्हा मी तिला दारातच विचारलं, विहीर खणणाऱ्याला लोक दर घागरीला दाम देतात का?

"लोकर दर साली निघती, शाहीर," ती म्हणाली. "मेंढरू ज्याचं, लोकर त्याची. गानं चालू हाय तवर माजा वाटा हाय."

खरं होतं का ते? होतं. म्हणूनच डोक्यात गेलं. तिला रिकाम्या हातानं लावून दिलं आणि ओळ बदलली—'रंगनाथ सांगे, दुधनेनं तिचा धनी नेला.' माझ्या नावाची ओळ लोकांना आवडली.

पण एवढंच असतं तर मी गप्पच बसलो असतो. चोऱ्या काय, सगळेच करतात.

सेलूच्या बाजारात ती गर्दीतून पुढं आली. ओरडली नाही. "शाहीर, माजं नाव घ्या," एवढंच म्हणाली. लोक बघायला लागले. मी ढोलकी थांबवली आणि हसून म्हणालो, बाई म्हणतात गाणं त्यांचं. मग त्यांनीच म्हणावं. शेवटपर्यंत.

शेवटपर्यंत—हा शब्द मी मुद्दाम वापरला. गाणं शिकवताना ती दर वेळी शेवटच्या ओळीपाशी अडायची. 'माझा धनी' तिच्या तोंडून फुटायचंच नाही. ती ओळ तिनं मला कधी गाऊन दाखवली नव्हती, डोळे पुसत नुसती सांगितली होती. हे मला एकट्याला ठाऊक होतं.

ती गायली. चांगली गायली. आणि तिथं येऊन थांबली. तोंड उघडं, आवाज नाही. मी घाई केली नाही. लोकांना नीट दिसू दिलं. कुणीतरी म्हणालं, "बाईला येतच न्हाई की." हशा पिकला. मग मी ती ओळ उचलली, माझ्या नावासकट, आणि पैशांचा पाऊस पडला. ती कधी गेली ते मी पाहिलंसुद्धा नाही.

पुढं काही वर्षांनी जिंतूरच्या वाटेवर माझी गाडी एका रानाजवळून जात होती. बायका कापूस वेचत तेच गाणं म्हणत होत्या. त्यांत येसू होती, रोजानं लागलेली. मी बैल थांबवले. कशासाठी? माफी मागायला? छे. ती शेवटच्या ओळीला काय म्हणते, ते ऐकायला.

ती अडली नाही. रंगनाथ सांगे, दुधनेनं तिचा धनी नेला, असं सगळ्यांबरोबर सरळ म्हणून गेली, कुणा परक्या बाईचं दुःख असावं तसं. हात कापूस वेचतच होते.

मला बरं वाटलं. मी बैल हाकले.