टबातला माझा अर्धा तास

बाळांनो,

गेल्या रविवारी तुम्ही मला फोनवर घर दाखवायला सांगितलंत. मी फोन हातात धरून एकेक खोली फिरले. बाथरूमचं दार उघडलं तेव्हा धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्याकडे बाथटब आहे? तू बसतेस त्यात?" मी तोंड उघडायच्या आत तुमच्या बाबाने विषय बदलला. का बदलला ते तो तुम्हाला सांगणार नाही. त्याला ते सांगवत नाही. मी सत्तरी कधीच ओलांडली आहे, तेव्हा आता मीच सांगते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, जन्मभर मी तेच शिकवलं. पण तुमच्या आजोबांचं बोलणं मला इंग्रजीत लिहिता येत नाही. अडेल तिथे बाबाला विचारा. त्यानेही वाचावं, असं मला वाटतं.

माझं माहेर शनिवार पेठेत. चार बिऱ्हाडांना मिळून एक मोरी. अंगावर दुसरा तांब्या पडेपर्यंत बाहेरून कुणीतरी कडी वाजवायचं. "आटपा आता! गंगेत उतरलात की काय?" लग्नानंतर खडकीच्या क्वार्टर्समध्ये आले. आजोबा दारूगोळा कारखान्यात होते. सकाळी नळाला पाणी यायची आणि कारखान्याचा भोंगा व्हायची वेळ जवळजवळ एकच. तिथेही दार वाजायचंच, फक्त वाजवणारे आजोबा असायचे.

शाळेत एका धड्यात टबात पडून विचार करणारी एक बाई होती. मुलींपैकी कुणीच टब पाहिला नव्हता. मीही नव्हता. फळ्यावर चित्र काढून दाखवलं, आणि काढता काढता मलाच हाव सुटली. पाण्याची म्हणणार नाही. दाराबाहेर कुणी उभं नाही, ही हाव.

पुढे तुमचा बाबा कॉम्प्युटरमध्ये गेला, आधी हिंजवडीला आणि मग अमेरिकेला. त्या वर्षांत आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात काही ना काही नवं येत होतं, आणि आणणारे सगळे "मुलांनी घ्यायला लावलं" असं म्हणत होते. आम्ही निवृत्त होऊन विश्रांतवाडीत हा फ्लॅट घेतला. कपाटं, पडदे, फरशी सगळं दोघांनी मिळून ठरवलं. टब मी एकटीने ठरवला, माझ्या निवृत्तीच्या पैशातून.

दुकानदाराने विचारलं, "सूनबाईंसाठी का?"

"नाही, मला हवाय."

"तुम्हाला? मग चढता-उतरताना जपा, आजी."

आजोबा मागे उभे होते.  दुकानाच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, "म्हैस कधी आणायची?"

त्यांची थट्टा हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, हे मला कळत होतं. ते माणदेशातले. त्यांच्या आईने आटलेल्या विहिरीत उतरून वाटीवाटीने हंडा भरलेला त्यांनी पाहिला होता. तरी त्यांनी मला अडवलं नाही. एकच अट घातली, टबातलं पाणी गटारात जायचं नाही. ते बादल्यांनी खाली नेऊन कुंपणालगतच्या रोपांना घालतील. मग मीही अट घातली, मी बाहेर येईपर्यंत दार वाजवायचं नाही.

"भूकंप झाला तरी?"

"झाला तरी."

"बरं बाई."

रविवारी दुपारी सगळी इमारत झोपलेली असायची. गच्चीवरच्या सौरबंबाचं पाणी तेव्हा कढत असायचं. मी कडी लावून पाण्यात पडायचे आणि कान बुडेपर्यंत डोकं मागे टेकायचे. लोहगावला उतरणाऱ्या विमानाचा आवाज पाण्यातून अंगात यायचा. मी शाळेतली बाई नसायचे, कुणाची आई नसायचे. इतकं सुख मला कशातच झालेलं नाही. तुम्हाला खरं सांगायचं तर तुमचा बाबा झाला तेव्हाही धास्ती जास्त होती.

आणि लाजही वाटायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडच्या वस्तीतली टँकरची रांग दिसायची. मी तो पडदा ओढून मग आंघोळीला जायचे. टबाची बातमी सोसायटीत पसरली आणि जिन्यात पाटी लागली: "पाणी जपून वापरावे. आंघोळ व पोहणे यांत फरक आहे." मी शरमेने लाल झाले. आजोबांनी चष्मा लावून ती नीट वाचली. "बरोबर लिहिलंय. तुला पोहता कुठे येतं?"

तो रविवार वैशाखातला होता. जेवताना त्यांनी पानातला भात तसाच ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, पोट जड झालंय. मी म्हटलं, "आज राहू दे टब."

"जा गं. पाणी फुकट तापलंय का?"

मी गेले. त्या दिवशी पाणी फार छान होतं. मी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले.

दार उघडलं तर ते समोरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. सदरा घामाने चिंब होता. शेजारी रिकामी बादली होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं सावकाश?"

"अहो, काय होतंय? दार का नाही वाजवलंत?"

"ठरलं होतं ना."

शेजाऱ्यांनी गाडी काढली. दिवेलागणीच्या आत ते गेले. मी डॉक्टरांना विचारलं, थोडं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही, आजी." हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते, तर त्यातलं एक घेऊन मी जगले असते.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. टबातलं पाणी तसंच होतं. आलेल्यांची अडचण होते म्हणून कुणीतरी त्याचं बूच काढलं. मी बाहेरच्या खोलीत बसले होते. ते सगळं पाणी गटारात जातानाचा आवाज मी ऐकला, आणि मला उठता आलं नाही. मी तेव्हा रडले. त्याआधी रडले नव्हते.

तुमचा बाबा अमेरिकेहून आला. त्याने एकदाच विचारलं, "आई, तू कुठे होतीस?"

मी म्हटलं, "टबात."

 त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. रोज फोन करतो, माझी औषधं विचारतो, मला काही कमी पडू देत नाही. पण इथे आला की दुसऱ्या बाथरूममध्ये बादलीने आंघोळ करतो. मला त्याचा राग नाही.

पुढे कित्येक वर्षं टबात मी पाणीकपातीसाठी पाणी साठवलं आणि वर फळी टाकली. मग गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, गरम पाण्यात बसत जा. मी सगळ्यांना सांगितलं, गुडघ्यांसाठी बसते. पहिल्या दिवशी दार उघडं ठेवून बसले आणि लगेच बाहेर आले. नंतर हळूहळू जमलं. कामाच्या बाई सोबत घरात असतात. मी त्यांना बजावून ठेवलं आहे, काहीही झालं तरी दार वाजवा.

गुडघ्यांना त्याने फारसा फरक पडत नाही, हे मला माहीत आहे. मी बसते कारण मला बसायला आवडतं. पाणी खांद्यापर्यंत येतं, आजोबा आठवतात, आणि तरीही अंगाला बरं वाटतं. ते बरं वाटणं अजून गेलेलं नाही.